राजमलाईचे पाहुणे

सह्याद्रीची रांग महाराष्ट्रात कळसूबाईपाशी १,६४६ मीटरांवर आपली परमावधी गाठते, अशी आपली समजूत असते. पण हीच रांग दक्षिणेकडे जाता जाता पालघाटच्या खिंडीत एकदा खाली उतरते आणि पलीकडे केरळात पुन्हा उसळून वर येते. इडुक्की जिल्ह्यातील आनमुडी हे तिचे खरे शिखर, उंची २,६९५ मीटर. नावाचा अर्थ हत्तीचे मस्तक. या मस्तकाभोवतीच्या सुमारे ९७ चौरस किलोमीटर पठारावर एरविकुलम राष्ट्रीय उद्यान पसरले आहे.

मुन्नारचे चहाचे मळे संपतात तिथे दृश्य एकदम पालटते. शिस्तीत कातरलेली हिरवळ मागे राहते आणि वाऱ्यावर लवणारे रानगवत सुरू होते. उतारांवर गवत आणि दऱ्यांच्या कुशीत बुटक्या, दाट झाडांची राने. या रानांना तिकडे ‘शोला’ म्हणतात. पावसाचे पाणी हे गवत आणि शोला मिळून धरून ठेवतात व पाझर पाझर करून ओढ्यांना देतात. खालच्या मळ्यांची तहान या उघड्या-बोडक्या दिसणाऱ्या डोंगरांवर अवलंबून आहे, हे वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ‘पडीक जमीन’ समजून निलगिरीच्या नि वॅटलच्या झाडांनी असे पुष्कळ गवताळ डोंगर इतरत्र झाकून टाकले गेले.

या गवताचा धनी म्हणजे नीलगिरी ताहर. तमिळ व मलयाळी लोक त्याला ‘वरयाडू’, म्हणजे कड्यावरची शेळी, म्हणतात. आखूड, मागे वळलेली शिंगे, भरदार मान, आणि वयस्क नराच्या पाठीवर खोगीर टाकल्यासारखा रुपेरी पट्टा. शास्त्रज्ञांनी वंशपरीक्षा केली तेव्हा तो हिमालयातील ताहरपेक्षा मेंढीकुळाला अधिक जवळचा निघाला. जगात तो फक्त केरळ आणि तमिळनाडूच्या या डोंगरांत आहे. सारी संख्या काही हजारांच्या आत, आणि एका ठिकाणी सर्वाधिक आहेत ते येथे.

ते येथेच का उरले, याची कथा विलक्षण आहे. गोऱ्या मळेवाल्यांनी या पठारावर शिकारीसाठीच पाऊल ठेवले होते. शिकार अतोनात झाली तर उद्या शिकारच उरणार नाही, या हिशेबाने त्यांनी तिच्यावर मर्यादा घातली आणि डोंगर जाणणाऱ्या मुथुवन आदिवासींना राखणीस नेमले. हेतू निर्मळ नव्हता; पण राखण खरी झाली. १९७१ साली केरळ सरकारने कायदा करून मळेवाल्या कंपनीकडील जमीन ताब्यात घेतली, १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. वणवा भडकू नये म्हणून गवताचे पट्टे पाळीपाळीने जाळण्याच्या कामी मुथुवनांचे ज्ञान आजही उपयोगी पडते.

प्रवाशांना केवळ राजमलाईचा भाग खुला आहे. वनखात्याच्या गाडीतून वर जायचे, पुढे डांबरी वाटेने पायी. येथे ताहर माणसाला भीत नाही. कधी दहा पावलांवर निवांत चरत असतो. पिढ्यान् पिढ्या बंदुकीचा आवाज न ऐकलेल्या प्राण्याची ही निर्भयता पाहून मन भरून येते. नेमक्या याच क्षणी आपल्या समाजातील माणसाचा हात पिशवीतल्या खाकऱ्याकडे जातो. पांजरपोळात गाईला घास देणारा, कबुतरांना दाणे टाकणारा हात तो. त्यामागे संस्कार आहे. येथे मात्र तो आवरावा लागतो. माणसाच्या अन्नाची, मिठाची चटक लागलेला ताहर कडे सोडून रस्त्यावर रेंगाळतो, वाहनाखाली सापडतो. त्याला खाऊ घालणे वा स्पर्श करणे यास मनाई आहे, आणि ती मनाई जीवदयेचाच एक भाग मानावयास हरकत नाही.

पिलांच्या जन्माचा काळ साधारण जानेवारी-फेब्रुवारीचा. मादीला बहुधा एकच पिलू होते. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवतात. मुन्नारच्या हॉटेलवाल्यांना, टॅक्सीवाल्यांना, मसाल्याच्या दुकानदारांना याची झळ बसते. गल्ल्यावर बसणाऱ्याला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. तरीही दार वर्षानुवर्षे बंद होते. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून साधु-साध्वी चार महिने विहार थांबवतात, त्या चातुर्मासाची येथे सहज आठवण व्हावी.

पावसानंतरचे, सप्टेंबर ते नोव्हेंबरचे दिवस प्रवासास बरे. बारा वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी, आपल्या कारवीची बहीण, २०१८ साली बहरली होती. आता २०३० ची वाट पाहायची. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी सकाळचीच फेरी निवडावी. दुपारनंतर धुके दाटते आणि उतरताना वेळ मोडतो. डबा बरोबर असावा, पण तो खाली मुन्नारला येऊन उघडावा. परतीच्या वाटेवर कोचीत एक दिवस राखला तर मट्टणचेरीचे श्री धर्मनाथ भगवंतांचे मंदिर आणि मिरी-वेलचीच्या जुन्या पेढ्यांचा परिसर, दोन्ही पाहून होतात.