तेरड्याचे तीन दिवस, कारवीची आठ वर्षं

आमच्या टीममधला एक जण लॉकडाउनमध्ये मनालीला गेला तो तिकडेच राहिला. कॉलवर त्याच्या मागे कधी सफरचंदाचा बहर असतो, कधी बर्फ, कधी कुणाचा तरी केसाळ कुत्रा. त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे : तुमच्या मुंबईत ऋतू असतात तरी कुठे? उन्हाळा, जास्त उन्हाळा आणि पाऊस. सगळे हसतात. मीही हसते, कारण सकाळी नऊच्या कॉलवर वाद घालायची माझ्यात ताकद नसते. तो राहिलेला वाद आता इथे घालते.

मी गोरेगाव पूर्वेला राहते. आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटमधून बाहेर पडून पाच-सात मिनिटं चाललं की आरे सुरू होतं आणि आरेच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. डोंगर म्हणताना मनालीवाल्यासमोर जरा ओशाळायला होतं. उद्यानातला सगळ्यात उंच माथा साडेचारशे मीटरच्या आसपास; त्याचं गाव याच्या चौपटीहून जास्त उंचीवर आहे. पण मराठीत डोंगराला उंचीची अट नाही, दुरून साजरा दिसला की झालं. आमचा जवळूनही साजरा आहे, फक्त जवळ गेल्यावर त्यात बिबटे असतात.

आमचं घर तळमजल्यावर. खिडकीखाली तीन फूट रुंदीची मातीची एक पट्टी आहे. सोसायटीच्या कागदांवर ती 'ओपन स्पेस' आहे, प्रत्यक्षात ती आईची आहे. एक प्राजक्त, दोन जास्वंदी, एक अनंत, थोडी अबोली आणि भिंतीला टेकून मोगऱ्याच्या कुंड्या. फेब्रुवारीत आई मोगऱ्याची छाटणी करते आणि काही दिवस त्याचं पाणी तोडते. बघणाऱ्याला वाटावं, हिचं या झाडाशी भांडण झालंय. मार्च संपता संपता कळ्या येतात आणि घरातले सगळे एकदम गोड बोलायला लागतात. जास्वंदीवर पांढरा मिलीबग चढला की कडुनिंबाचं तेल फवारायचं काम माझ्याकडे. पाऊस लागला की अनंत, आणि श्रावणापासून पुढे रोज सकाळी प्राजक्ताचा सडा. आई तो झाडू देत नाही, त्यामुळे सफाईवाल्या दादांशी तिचा दरवर्षी नव्याने करार होतो.

डोंगराचं वेळापत्रक वेगळं. जानेवारीत काटेसावर सगळी पानं टाकून देते आणि नुसत्या फांद्यांवर लाल फुलं घेऊन उभी राहते. मग पांगारा, पळस. एप्रिल-मेच्या भाजणाऱ्या उन्हात बहावा आणि तामण. पावसाची चाहूल लागली की स्टेशनबाहेर पाड्यांवरच्या बायका शेवळं घेऊन बसतात. सोबत काकडंही घ्यायची, नाहीतर भाजी खाल्ल्यावर घसा खवखवतो. मग रानहळद, कळलावी, आणि गणपतीच्या तोंडावर तेरडा. एवढं सगळं होऊन जातं तेव्हा आमच्या कॉलवर अजून 'जास्त उन्हाळा'च चालू असतो.

तेरडा माझ्या आजीचा. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, आणि तिकडे गौरी म्हणजे तेरडा. मुळासकट उपटून आणायचा, धुवायचा, जुडी बांधायची, मुखवटा लावायचा. गावी तो बांधावरून येतो. गोरेगावात तो आरेतून टोपलीत बसून येतो. आजी असेपर्यंत ती खरेदीला मला बरोबर न्यायची.

"कशी दिली गं जुडी?"

"तुम्हाला काय जास्त सांगायचं आजी, दरसालच्या तुम्ही."

"दरसालची म्हणून तर विचारते."

घरी आणल्यावर एखाद्या फांदीवर फुगलेली हिरवी बोंडं असायची. ती मला मिळायची. चिमटीत धरली की टचकन फुटतात, साल गुंडाळी होऊन मागे वळते आणि बिया उडतात. गौरीच्या आरतीपेक्षा माझं सगळं लक्ष तिथे असायचं. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण मी त्याच वयात ऐकली आणि ती अन्यायाची वाटली. गौर तरी कुठे जास्त दिवस राहते? एक दिवस यायचं, एक दिवस जेवायचं, तिसऱ्या दिवशी जायचं. तीन दिवसांच्या पाहुणीला तीन दिवसांचं फूल, यात तेरड्याचं काय चुकलं?

त्याच डोंगरावर, तेरड्याच्या जरा वर, कारवी असते. एरवी तिच्याकडे कुणी बघतही नाही. खरखरीत पानांचं, माणूसभर उंचीचं झुडूप, उतारावर दाटीने वाढलेलं. तिच्या सरळ काठ्या उभ्या करून शेणामातीने लिंपल्या की कूड होतो. आरेतल्या पाड्यांवरच्या जुन्या घरांच्या भिंती अशाच. सात वर्षं ती अशी भिंतीच्या कामाची असते. आठव्या वर्षी, पाऊस ओसरायच्या सुमारास, अख्खा उतार जांभळट निळा होतो. मधमाश्यांचा आवाज आधी येतो, रंग नंतर दिसतो. मग बी धरतं आणि ते सगळंच्या सगळं झुडूप मरून जातं. आयुष्यात एकदाच फुलायचं आणि तेही सगळ्यांनी मिळून.

हे सगळे एकमेकांना कळवतात कसे, असा प्रश्न मला लहानपणी पडला होता. पुढे इंजिनिअरिंगला असताना त्याचं उत्तर अगदी सोपं वाटलं : कळवायची गरजच नसते. सगळी एकाच बहराच्या बियांतून आलेली, म्हणजे एकाच वयाची. एकच बॅच. आठ वर्षांचा कोर्स आहे, सगळे एकदम पासआउट होतात. एखाददुसरं झुडूप एक वर्ष आधी किंवा नंतर फुलतं, तशी मुलं आमच्याही बॅचमध्ये होती. एवढं बी एकाच वेळी पडलं की खाणारे कितीही आले तरी पुरून उरतं, हाही त्यातला हिशेब. सह्याद्रीत निरनिराळ्या डोंगरांवर ही वर्षं वेगवेगळी पडतात. मुन्नारची नीलकुरिंजी तिची नात्यातली, ती बारा वर्षं घेते. २०१८ मध्ये तिचा बहर आणि केरळातला महापूर एकाच पावसाळ्यात आले. आमच्या उद्यानातल्या कारवीची वर्षं आहेत २००८, २०१६, २०२४.

माझा जन्म १९९६ चा. म्हणजे बारा, वीस, अठ्ठावीस.

बाराव्या वर्षी बाबा मला रविवारी कान्हेरीला घेऊन गेले. तिथल्या शंभराहून जास्त लेण्यांपैकी मला फार काही आठवत नाही, गुंफांच्या वरच्या अंगाचा तो रंग आठवतो, आणि बाबा माझ्यापुढे भराभर चढत होते ते. विसाव्या वर्षी कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेले. तेव्हाचे फोटो आहेत. सगळ्यांत आम्ही आहोत, कारवी मागे धूसर.

त्याच २०१६ च्या जुलैमध्ये चकली आली. भर पावसात बाबांच्या स्कूटरखाली बसलेलं दीडेक महिन्याचं पिल्लू, शेपटीला दोन वेटोळी. दोन दिवसांत घर शोधून देऊ, असं आई म्हणाली होती. ती आता आईच्या पट्टीतल्या अनंताखाली झोपते, आणि तिथे दुसरं कुणी बसलं तर आईच ओरडते.

कुत्र्याबरोबर राहिलं की ऋतू नाकाने कळतात, म्हणजे तिच्या नाकाने. पहिल्या पावसानंतर आमचा वीस मिनिटांचा फेरा पाऊण तासाचा होतो, कारण प्रत्येक झाडाखाली नवी बातमी असते. श्रावणात ती दारातूनच परत फिरते. पाऊस संपला की गोचीड. रोज रात्री टॉर्च लावून कानांमागे शोधायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात केस गळतात, सोफा पांघरूण घेतल्यासारखा दिसतो. डिसेंबरच्या पहाटे आरेच्या बाजूला खरीखुरी थंडी असते. मनालीवाल्याला सांगितलं तर हसेल, पण चकली स्वेटर घालून घेते.

आणि काही संध्याकाळी ती मागच्या गेटपाशी थांबते. कान पुढे, पाठीवरचे केस ताठ, घशातून आवाजही नाही. आम्ही लगेच वळतो. अंधार पडल्यावर तिला त्या बाजूला न्यायचं नाही हा घरातला एकमेव नियम आहे जो आम्ही तिघेही पाळतो. वॉचमनकाका सकाळी सांगतात, "काळूला नेलं." कुणी नेलं ते कधीच सांगत नाहीत. या भागात त्या वाक्याला कर्ता लागत नाही.

राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. त्यात आणि आसपास २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ च्या मोजणीत ४७. त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. उघडा कचरा कुत्र्यांना बोलावतो, कुत्री बिबट्याला. काही वेळा गोष्ट कुत्र्यांवर थांबत नाही. २०२२ च्या दिवाळीत आरेत दीड वर्षाची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात 'सगळे पकडून लांब सोडा' असे मेसेज भराभर येत होते, आणि त्यांच्यामागची भीती खोटी नव्हती. पण हा उपाय करून झालेला आहे. जुन्नर भागातल्या विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून हेच पुढे आलं की बिबटे एकीकडून उचलून दुसरीकडे सोडले की हल्ले थांबत नाहीत, जिथे सोडले तिथे वाढतात. पाड्यांवरचे लोक वाघोबाला नारळ देतात आणि अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाहेर सोडत नाहीत. मला यातली दुसरी गोष्ट पटते आणि पहिलीला माझी हरकत नाही. चकली माझी आहे आणि डोंगर त्याचा. तिला पट्टा लावणं माझ्या हातात आहे, तेवढं मी करते.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये कारवी पुन्हा फुलली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "चला ना, जाऊ या." ते नुकतेच रिटायर झाले होते, गुडघ्याची तक्रार होती, तरी लगेच तयार झाले. उद्यानात पाळीव प्राण्यांना बंदी आहे, त्यामुळे चकली घरी. कान्हेरीच्या पायऱ्यांवर या वेळी मी पुढे होते आणि दर वळणावर थांबून फोनमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं करत होते. बाबांच्या ते लक्षात आलं होतं. "रेंज नाही इथे," ते म्हणाले.

वर पोचल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटांवर मोजायला लागले. "पुढची बत्तीसला. तू छत्तीसची. मी एकोणसत्तर." थोडं थांबून, "चकली?"

मी उत्तर दिलं नाही. देशी कुत्री तेरा-चौदा वर्षं जगतात, क्वचित जास्त. २०३२ ला ती सोळा वर्षांची असेल. असेल, असं मी मुद्दाम लिहिते आहे.

बत्तीस सालापर्यंत बाकीही बरंच हलणार आहे. मागच्या दोन बहरांच्या मध्ये, ऑक्टोबर २०१९ मध्ये, आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं तोडली गेली, त्यातली बरीचशी रातोरात. नंतरच्या वर्षांत आरेतली आठशे एकरांच्या आसपास जमीन राखीव वन झाली. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम सुरू आहे. त्याचे पावणेपाच किलोमीटरच्या आसपासचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहेत. मुलुंडला बहिणीकडे जायला मला आज दीड तास लागतो, त्यामुळे त्या रस्त्याला नुसतं नाक मुरडणं मला जमत नाही. बोगदा खालून गेला तर वरच्या जंगलाचं बरंच वाचतं, हेही खरं. पण तो डोंगरात शिरायच्या आधी गोरेगावातली जी झाडं जातात ती जमिनीवरचीच असतात.

आणि आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाते आहे. नवीन प्लॅनमध्ये आम्हाला सोळावा मजला आहे. तिथून पूर्वेचा अख्खा डोंगर दिसेल, हे सांगताना कमिटीच्या काकांचा चेहरा खुलला होता. आईने फक्त विचारलं, "माती किती?" पोडियमवर लॉन आहे, असं उत्तर आलं. गेल्या पावसात तिने प्राजक्ताच्या बिया गोळा करून ठेवल्या आहेत, आणि अनंताची कलमं चार कुंड्यांत लावली आहेत. चकलीने त्यातली एक उकरली. तिची जागा तिला ओळखू आली असावी.

२०२५ चा पाऊस मुंबईत २६ मे रोजीच आला. कारवीची बोंडं वर्षभर झुडपावर वाळत राहतात आणि पहिल्या ओलीला फुटतात, तेरड्यासारखीच, फक्त इथे चिमटीची गरज नसते. हवेतल्या दमटपणाने ती आपोआप टचकन तडकतात आणि मेलेल्या उतारावरून बी उडतं. तो आवाज ऐकायला जायचं माझ्या मनात होतं, पण तो आठवडा रिलीजचा होता आणि पाऊस कुणालाही न विचारता आला होता.

ऑगस्टमध्ये गेलो, बाबा आणि मी. बाबांनी गुडघ्याला पट्टा बांधला होता. वाळलेल्या काठ्या अजून तशाच उभ्या होत्या, काही आडव्या पडलेल्या. त्यांच्या पायाशी चिखलात बोटभर उंचीची रोपं, चार-सहा पानांची, इतकी दाट की पाय कुठे ठेवावा कळेना. बाबा एका दगडावर टेकले, वाकून एक पान दोन बोटांत धरून त्याचा खरखरीतपणा बघितला.

"हे पहिलीतले," ते म्हणाले.