घशावरची एक रेघ

शनिवार सकाळ. पुण्याला घरी आलोय आणि आईने कपाट आवरायला बसवलंय. अर्थात कपाट बाजूलाच राहिलं, कारण बाबांची पक्ष्यांची वही हाती लागली. अक्षर आईचं. २०१६ साली काचबिंदूने बाबांची नजर गेली, तेव्हापासून बाबा सांगतात आणि आई लिहिते.

एका पानावर लिहिलंय : शिक्रा, लुसाका, पाय पिवळे. त्यावर आडवी काट. ती काट माझ्यामुळे आहे.

२०१९ मध्ये प्रोजेक्टसाठी चार महिने झांबियात होतो. आमच्या गेस्ट हाउसच्या मागे एक जॅकरांडा होता. ऑक्टोबरात नुसता जांभळा! एका रविवारी सकाळी त्यावर एक राखाडी शिकारी पक्षी दिसला. छोटासाच, कबुतरापेक्षा जरासा मोठा, पोटावर बारीक आडवे पट्टे. शिक्रा आपल्याकडे आहे तसा आफ्रिकेतही आहे, हे मला माहीत होतं. झालं! लगेच बाबांना फोन लावला.

"पाय कसे आहेत?"

"पिवळे."

"नीट बघितलेस ना?"

"हो बाबा."

बघितले नव्हते. पानांत पाय दिसतच नव्हते. शिक्र्याचे पिवळे असतात म्हणून मी पिवळे सांगितले. पलीकडे बाबांनी आईला वही आणायला सांगितलेलं ऐकू आलं.

गंमत बघा, त्याच आठवड्यात टीममधल्या एका पोराला मी झापलं होतं. बग रिपोर्टमध्ये त्याने नुसतं 'चालत नाही' लिहिलं होतं. "तुला काय वाटलं ते नको, स्क्रीनवर काय दिसलं ते लिही!" वगैरे.

दोन आठवड्यांनी तोच पक्षी कुंपणाजवळच्या तारेवर बसला. अगदी समोर. आता सगळंच वेगळं दिसायला लागलं. पाय लालभडक, चोचीच्या बुडाशी तोच लाल रंग, शेपटी काळी आणि तिच्यावर एकच रुंद पांढरा पट्टा. आणि पांढऱ्याशुभ्र घशावर मधोमध एक उभी काळी रेघ, पेनाने ओढल्यासारखी. शिक्रा सुसाट घुसतो, हा मात्र दहा मिनिटं ढिम्म बसून होता. मग टपकन खाली गवतात उतरला आणि सरडा घेऊन वर आला.

फोन करावा की नाही? बाबांना कधीच कळलं नसतं. हाच विचार टोचत राहिला आणि शेवटी केला. पाय बघितले नव्हते, हेही सांगून टाकलं.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, मला आता तपासून बघता येत नाही. तू म्हणशील ते मी लिहिणार." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाले, "हं, आता सांग. दिसलं तेवढंच."

सांगितलं. घशावरची रेघ ऐकून त्यांना सासवडच्या माळावरचा तीसा आठवला. "डोळा पांढरा आहे?" "नाही, गडद आहे." "मग तीसा नाही. शोध."

रात्री पुस्तकात सापडला. लिझर्ड बझर्ड. सेनेगलपासून इथियोपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत, विरळ झाडीच्या जंगलात राहणारा. नाव बझर्ड असलं तरी खऱ्या बझर्डांचा जवळचा नातेवाईक नाही. शास्त्रीय नाव कौपिफाल्को मोनोग्रॅमिकस. पहिला शब्द योहान याकोब कौप या जर्मन निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून, आणि या कुळीत हा एकुलता एक. दुसरा शब्द १८२४ मध्ये टेमिंक यांनी दिलेला. अर्थ, एका रेघेचा!

"म्हणजे ज्या रेघेवरून नाव पडलं, नेमकी तीच तुला दिसली नाही," बाबा म्हणाले. आई मागे हसत होती.

पुढच्या रविवारी शहराबाहेरच्या मिओंबो जंगलात गेलो. वाटेत रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती रांगेने विकायला ठेवलेली. ती याच जंगलातली झाडं. आत गेल्यावर मात्र तो पुन्हा भेटला, आणि या वेळी ओरडत होता. ओरडत कसला, आधी एक लांब शीळ, तिच्यामागे भराभर छोट्या शिळा. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली. बाबांनी म्हणे तीनदा ऐकली.

आई ती जुनी नोंद व्हाइटनरने पुसणार होती. बाबा म्हणाले, "पुसू नकोस, काट मार. चूक दिसली पाहिजे." बाबांना गिट माहीत नाही, हे इथे नमूद करतो.

काटेखाली आईने लिहिलंय :

लिझर्ड बझर्ड, लुसाका. घशावर एक रेघ. पाय लाल. पाहिला : मुलाने. ऐकला : मी.

असो. कपाट अजून तसंच आहे. आई हाका मारतेय.