सर्व्हरचे बिल कोणी भरायचे?

माणिकपूरमध्ये आम्ही काही कार्यकर्ते २०२० च्या टाळेबंदीपासून एक ऑनलाइन अभ्यासवर्ग चालवतो. सुरुवातीला चाळीस मुले होती. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, जात पडताळणीला कोणती कागदपत्रे लागतात, रविवारी बाबासाहेबांच्या एखाद्या ग्रंथावर चर्चा, एवढाच व्याप होता. आज अकराशे सभासद आहेत. पहिल्या वर्षी सर्व्हरला तीन हजार रुपये पुरले. आता महिन्यालाच ३,२०० रुपये जातात.

खर्च वाढण्याची कारणे साधी आहेत. होस्टिंग कंपन्या पहिल्या वर्षी स्वस्त दर लावतात आणि नूतनीकरणाच्या वेळी खरी किंमत घेतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. बिल डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरला की तेही वाढते. शिवाय शंभर तासांची व्याख्याने साठवायला जागा लागते, आणि ती अकराशे जणांनी पाहिली तर त्याचेही पैसे पडतात.

मग पैसा आणायचा कुठून? आमच्यासमोर तीन सोपे रस्ते आले.

पहिला, जाहिराती. पण आपोआप येणाऱ्या जाहिरातींत काय दिसेल हे आपल्या हातात नसते. बावीस प्रतिज्ञांवरील व्याख्यानाखाली राशिभविष्य आणि जातीनिहाय वधू-वर मंडळ झळकणार असेल, तर तो पैसा आपल्याच विचाराच्या छातीवर बसून घेतलेला असेल.

दुसरा, पुढारी. वॉर्डातून उभे राहू इच्छिणाऱ्या एका गृहस्थांनी वर्षाचे सगळे बिल भरण्याची तयारी दाखवली. अट एकच, वर त्यांचा फोटो. आज फोटो, उद्या कोणत्या प्रश्नावर बोलायचे नाही याची यादी!

तिसरा, सगळे फुकटच्या ॲपवर नेणे. फुकटचे घर दुसऱ्याच्या मालकीचे असते. मालकाने नियम बदलले की पाच वर्षांची व्याख्याने एका दिवसात रस्त्यावर.

मित्रांनो, हा प्रश्न नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्यात बाबासाहेब चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहीत होते, तेही मोबदला न घेता. तरीही १९२९ मध्ये तेही थांबले. पत्राचे कर्ज हे संपादकाचे खासगी कर्ज नसून समाजाचे कर्ज आहे, हा मुद्दा त्यांना अग्रलेख लिहून मांडावा लागला.

यातून आम्ही एवढेच घेतो: एकरकमी देणगीने काम सुरू होते, पण चालू राहते ते दर महिन्याच्या वर्गणीने. आणि एका माणसाचा त्याग समाजाच्या वर्गणीची जागा घेऊ शकत नाही. बाबासाहेबांसारख्या माणसाचा त्याग जिथे पुरला नाही, तिथे आपल्या दोन-चार कार्यकर्त्यांच्या पगारावर किती दिवस चालणार?

'सरकारने करावे' असेही काही जण म्हणतात. सरकारकडे मागितलेच पाहिजे, तो हक्क आहे. पण बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांच्या खंडांची छपाई रखडली, तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, हेही विसरू नये.

म्हणून आम्ही ठरवले: महिना वीस रुपये, तेही फक्त कमावत्यांनी. विद्यार्थी, बेरोजगार आणि घरकाम करणाऱ्या भगिनींना काहीही नाही. १६० जणांनी दिले की ३,२०० होतात. २०० जणांनी दिले तर महिन्याला ८०० उरतात. वर्षाचे ९,६०० म्हणजे तीन महिन्यांच्या बिलाची शिल्लक. जुनी व्याख्याने फक्त आवाजाच्या स्वरूपात ठेवली तर साठवणीचा खर्चही उतरेल. हिशेब दर महिन्याला बिलासह सर्वांसमोर येईल. खाते दोघांच्या सहीचे, त्यातली एक सही महिला सभासदाची.

पण देणाऱ्यांची नावे जाहीर होणार नाहीत. आपल्यातले कित्येक जण वसईत भाड्याच्या घरात आडनाव न सांगता राहतात, ऑफिसात जात विचारली की विषय बदलतात. त्यांच्या वीस रुपयांची पावती त्यांच्या घरमालकाला दिसता कामा नये. हिशेब उघडा आणि माणूस सुरक्षित, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

'लोक जयंतीलाही देतात, आता हेही?' असा आक्षेप आला. जयंती जोरात व्हावीच. पण एका संध्याकाळच्या डीजेच्या भाड्यात आमचा सर्व्हर कित्येक महिने चालतो, हा हिशेब मंडळांनी एकदा मांडून पाहावा. १४ एप्रिलच्या वर्गणीतला छोटा हिस्सा शिक्षणासाठी बाजूला काढला तर मिरवणूक लहान होत नाही.

फुकट मिळते ते कोणीतरी भरत असते. तो कोणीतरी जाहिरातदार असेल, पुढारी असेल किंवा आपण असू. ज्याचा पैसा, त्याचा आवाज. आपला आवाज आपला राहावा असे वाटत असेल, तर वीस रुपये महाग नाहीत.

जय भीम!