तीन बाय तीनचा स्टॉल




कृषी प्रदर्शनातला लहानात लहान तयार स्टॉल बहुधा तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे 9 चौरस मीटरचा असतो. तीन बाजूंना ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेल्या पांढऱ्या फळ्या, वरच्या पट्टीवर नाव, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग पॉइंट, एवढे आयोजकांकडून मिळते. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात पाच दिवस भरणाऱ्या ‘किसान’ प्रदर्शनात असे स्टॉल ओळीने उभे असतात आणि जवळच मोठ्या कंपन्यांचे प्रशस्त मांडव असतात. सायकल कोळपे, म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण काढायचे हाताने ढकलण्याचे चाकाचे अवजार, बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपने त्या थाटाशी बरोबरी करायला जाऊ नये. 9 चौरस मीटरमध्ये एक अवजार नीट दाखवता येते. पाच अवजारे मांडली की एकही नीट दिसत नाही.

जागा ठरवताना आयोजकांचा नकाशा मागून घ्यावा. कोपऱ्याचा स्टॉल दोन बाजूंनी उघडा असतो. त्याचे भाडे बहुतेक ठिकाणी जास्त असते, पण परवडत असेल तर तो घ्यावाच. प्रवेशद्वाराला अगदी लागून असलेली जागा मोहक वाटते, मात्र आत शिरलेली गर्दी तिथे थांबत नाही, पुढे सरकते. समोर खांब किंवा जनरेटर येत नाही ना, हे बघावे. भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात आधीच धरावा. उद्यम नोंदणी असलेल्या उद्योगाला केंद्राच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेतून ठरावीक प्रदर्शनांच्या भाड्याचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी अर्ज आधी करावा लागतो, म्हणून चौकशीही आधीच करावी. पट्टीवरचे नाव ज्या अक्षरांत फॉर्मवर लिहिले असेल त्याच अक्षरांत छापून येते, आणि ऐन उद्घाटनाच्या सकाळी ते बदलून देणारा माणूस सापडत नाही.

मांडणीत सर्रास होणारी चूक एकच: टेबल समोर आडवे लावून त्याच्या मागे दोघांनी बसणे. त्याने स्टॉलचे दार बंद होते आणि येणारा माणूस बाहेरूनच मान वळवून निघून जातो. टेबल बाजूच्या फळीला लावावे, खुर्च्या मागे सारून ठेवाव्यात आणि पुढची तीन मीटरची बाजू पूर्ण मोकळी सोडावी. मजकूर छातीच्या उंचीच्या वर असावा, कारण चार माणसे उभी राहिली की त्याखालचे काहीच दिसत नाही. दहा फुटांवरून वाचता येतील अशा तीनच गोष्टी मोठ्या अक्षरांत पुरतात: अवजाराचे नाव, ते कोणत्या पिकात चालते, आणि किंमत. किंमत लिहायला पुष्कळ कारखानदार कचरतात. शेतकऱ्याला मात्र ‘फोन करा, सांगतो’ या उत्तरात लपवाछपवीचा वास येतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

स्टॉलचा जीव आहे तो प्रात्यक्षिकात. कोळपे टेबलावर आडवे ठेवले तर ते लोखंडाचा तुकडा दिसते. दोन फूट रुंद आणि पाच फूट लांब असा पत्र्याचा ट्रे करून त्यात चार बोटे माती भरावी, खाली जाड प्लास्टिक अंथरावे आणि धूळ उडू नये म्हणून मातीवर दर तासाला पाणी शिंपडावे. मातीची परवानगी आयोजकांकडून आधी काढलेली बरी. मातीवर 45 सेंटिमीटर अंतराने दोन सुतळ्या ताणल्या की सोयाबीनच्या दोन ओळी तयार होतात, आणि पाते त्यांच्यामधून ओळीला धक्का न लावता जाते हे बघणाऱ्याला स्वतःच्या हातांनी कळते. जाणता शेतकरी आधी दांडा धरून कोळपे उचलतो, वजनाचा अंदाज घेतो, मग ते उलटे करून वेल्डिंगवरून अंगठा फिरवतो आणि नटबोल्ट बघतो. पाते झिजल्यावर दुसरे कुठे मिळेल, हा त्याचा पुढचा प्रश्न असतो. म्हणून सुटे पाते, त्याची किंमत आणि एक पाना ट्रेशेजारीच ठेवावा आणि पाते बदलून दाखवावे. या दोन मिनिटांत जे पटते ते रंगीत पत्रकाने पटत नाही.

माणसे दोनच असावीत, पण त्यातले एक तरी अवजार स्वतः बनवणारे असावे. भाड्याने उभे केलेले हसरे चेहरे लोखंडाच्या जाडीचा प्रश्न आला की गडबडतात. दोघांनी आळीपाळीने जेवावे, तेही स्टॉलबाहेर. ‘या साहेब, बघा’ या हाकेला माणूस दचकतो आणि पुढे होतो. ‘पीक कोणतं घेता?’ असे विचारले तर थांबतो, कारण या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे असते. उत्तर ऊस असेल तर हे अवजार त्याच्या कितपत कामाचे, ते खरे सांगावे. त्याने वेळ वाचतो, आणि तोच माणूस बरोबर आलेल्या सोयाबीनवाल्याला घेऊन परत येतो.

आता वहीबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिच्यामुळे. नाव, गाव, तालुका, फोन, पीक, क्षेत्र आणि नेमके काय विचारले, एवढे रकाने आखलेली जाड वही हवी. गर्दीत मोबाईलचे नेटवर्क बसते, तेव्हा क्यूआर कोड लावला तरी वही सोडू नये. नोंद माणूस समोर असतानाच करावी. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत बार्शीचा बागायतदार आणि बीडचा विक्रेता यांची सरमिसळ होते. विक्रेत्यांच्या नावापुढे वेगळी खूण करावी. त्यांचे प्रश्न वेगळे असतात: कमिशन किती, उधारी किती दिवसांची, सुटे भाग किती दिवसांत. ही उत्तरे कागदावर तयार ठेवावीत. विक्रेते बहुधा सकाळी लवकर किंवा गर्दी ओसरल्यावर येतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी दुपारीच सामान बांधणे महागात पडते. सामान बाहेर काढायला गेटपास लागतो. तो आदल्या दिवशीच मागून ठेवावा.

किरकोळ सामान थोडक्यात: एक्स्टेन्शन बोर्ड, कात्री, दुहेरी चिकटपट्टी, सुतळी, रात्री झाकायला कापड, साखळी-कुलूप. पत्रके मोजकीच छापावीत आणि विचारपूस करणाऱ्यालाच द्यावीत.

प्रदर्शन संपल्यापासून आठवड्याच्या आत आधी विक्रेत्यांना आणि मग शेतकऱ्यांना फोन जायला हवेत. बहुतेक वर्कशॉपवाले इथेच थांबतात, आणि कोळप्याच्या धंद्यात हे थांबणे फार नुकसानीचे आहे. डिसेंबरात रब्बी उभी असते आणि हरभऱ्याच्या कोळपण्या बव्हंशी उरकलेल्या असतात. कोळप्याची खरी गरज लागते ती खरिपात, जूनच्या पेरणीनंतर साधारण पंधरा-वीस दिवसांनी. म्हणून तीच वही मे महिन्यात पुन्हा उघडून सोयाबीन, कापूस, तूर अशा पिकांच्या नोंदींवर दुसरा फोन करावा, आणि पेरणीआधी माल तालुक्याच्या दुकानात पोचवावा. भाडे, जीएसटी, टेम्पो, मुक्काम आणि दोन माणसांचे पाच दिवस यांची बेरीज लगेच करावी. मात्र स्टॉल परवडला की नाही, हा निकाल जुलैअखेर कोळपण्या संपल्यावरच लावावा.