खाचरापुरतं इंजिन

मुठा, मार्गशीर्ष.

भात निघालंय. नदीकाठचं मोठं खाचर मोकळं दिसलं आणि मन पुन्हा तारांना बांधून गोल उडवायच्या छोट्या विमानाच्या इंजिनाकडे वळलं.

अडीच सीसीचा मोह मोठा आहे. एफ२सी या शर्यतीच्या वर्गात तेच चालतं. तिथे वर्तुळाची त्रिज्या 15.92 मीटर, म्हणजे दहा फेऱ्यांत बरोबर एक किलोमीटर! हा हिशेब मला फार आवडतो. पण इथे बांधाला बांध लागून आहे. दीड सीसी आणि आखूड तारा, हेच खाचराला झेपेल. फार दुबळं इंजिनही नकोच. वेग पडला की तारा सैल होतात, आणि सैल तारेला विमान जुमानत नाही.

ग्लो की डिझेल? ग्लोला मिथेनॉल, प्लग तापवायला बॅटरी. डिझेलला ईथर, रॉकेल, एरंडेल. ठिणगी नाही, दाब स्क्रूने जुळवायचा. ईथर उडून जातं, पेटही चटकन घेतं, म्हणून बाटली घट्ट आणि सावलीत हवी. तरीही मन डिझेलकडेच आहे. ते सावकाश फिरूनही मोठा पंखा ओढतं, आणि जळलेल्या एरंडेलाचा तो वास! विमान हातातूनच सोडावं लागेल. धसकटांत चाकं अडतील. उद्या आधी दोरी धरून खाचर मोजतो.