वालाचा कोंब

तिसरीच्या मुलांना बी रुजताना दाखवायचं होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांनी पेरणी पाहिलेली असते, उगवलेलं रोपही पाहिलेलं असतं. मधलं सगळं मातीच्या पोटात घडतं. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चित्र घेत टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ हा छोटासा चित्रपट केला, हे मी वाचलेलं होतं. शंभर वर्षांनंतर माझ्या हातात मोबाइल आहे, मग मला का जमू नये?

बी गावरान वालाचं घेतलं. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री मिळाली, तेव्हापासून आमच्या मुलांना अशा बियांचं अप्रूप आहे. शिवाय वाटाण्याची बीजपत्रं मातीतच राहतात, वालाची मात्र वाकलेल्या मानेबरोबर वर येतात. मला तो क्षण हवा होता. काचेच्या ग्लासात माती भरली, बी काचेला टेकवून लावलं, समोर जुना फोन उभा केला, वर बल्ब लावला. दर १५ मिनिटांनी एक, असे नऊ दिवसांत ८६४ फोटो झाले.

इथपर्यंत सगळं कळत होतं. मग भाच्याच्या लॅपटॉपवर व्हिडिओ जोडायचं एक सॉफ्टवेअर उघडलं. संकलन, इफेक्ट, रंग, आवाज, सगळं एकाच ठिकाणी आणि तेही फुकट, म्हणून मी ते निवडलं होतं. त्याचं नाव सांगायची गरज नाही, कारण या जातीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरपुढे नवखा माणूस असाच उभा राहत असणार. खाली दालनांच्या पाट्या, प्रत्येक दालनात वेगळी मांडणी, बारीक इंग्रजी अक्षरं, आणि अर्थ न लागणारी चिन्हं. एका दालनात चालणारं बटण दुसऱ्यात सापडत नव्हतं. मी सगळे फोटो आत ओढले, पट्टीवर टाकले आणि चालवून पाहिलं. वाल हलेचना. प्रत्येक फोटो पाच सेकंद थांबत होता. रुजण्याचा चित्रपट ७२ मिनिटांचा झाला होता!

राजूरचा माझा एक जुना विद्यार्थी लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याला फोन केला.

“बाई, फोटो सुटे घेऊ नका. ओळीनं नंबर असले की सॉफ्टवेअर त्यांची एकच क्लिप धरतं.”

“अरे, तसंही करून पाहिलं. एकोणीस तुकडे झाले.”

“मधले काही फोटो काढलेत का?”

काढले होते. वीज गेली की बल्ब विझायचा आणि फोटो काळा यायचा. असे ४१ फोटो मी पुसले होते. जिथे नंबर तुटला तिथे क्लिप तुटली. इतकी साधी गोष्ट, पण ती पडद्यावर कुठेच लिहिलेली नव्हती. उरलेल्या ८२३ फोटोंना नव्यानं सलग नंबर दिले. सेकंदाला २४ फोटो धरले तर कोंब ३४ सेकंदांत भर्रकन वर जायचा. मुलांना नीट पाहता यावं म्हणून मी १२ धरले. एक मिनिट आणि वर थोडं. रात्री अकरा वाजता मी पहिल्यांदा वालाचं मूळ काचेवरून खाली सरकताना पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढी दालनं कशाला, हा प्रश्न मात्र छळत राहिला. याच जातीच्या दाविंची रिझॉल्व्हचा इतिहास वाचला तेव्हा थोडा उलगडा झाला. ते मुळात फक्त रंग सुधारण्याचं साधन होतं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं ते विकत घेतलं. २०१४ मध्ये त्याच कंपनीनं इफेक्टसाठीचं फ्यूजन घेतलं, २०१६ मध्ये आवाजाच्या कामातलं फेअरलाइट. २०१८ पर्यंत सगळी एका छपराखाली आली. संकलक, रंगवाला, ध्वनीवाला वेगवेगळे बसतात तिथे अशी रचना सोयीचीच. प्रत्येकाला आपली खोली ठाऊक असते. एकट्या माणसाला मात्र खोल्या नको असतात, वाट हवी असते. तुम्हाला काय करायचं आहे, असं पहिल्याच पडद्यानं मराठीत विचारलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते.

इफेक्टच्या दालनात चौकोन होते आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. हे मला आमच्या शेतामुळे समजलं. पाटातून चारीत, चारीतून वाफ्यात पाणी जातं, तसं चित्र एका चौकोनातून पुढच्यात वाहतं. दारं चुकीचं धरलं की पाणी भलत्याच वाफ्यात. मी चित्रावर टाकलेली अक्षरंही वालाच्या मागे जाऊन बसली होती, कारण वर काय आणि खाली काय याच्या जोडण्या मी उलट केल्या होत्या.

त्या जोडण्या सुधारल्या आणि खरी अडचण दिसली. ‘द्विदल’ हा शब्द टाइप केला तर जोडाक्षर फुटलं, वेलांटी भलतीकडे गेली. तीन फाँट बदलले, तरी तेच. नुकती जोडाक्षरं शिकलेल्या मुलांना मी मोडका शब्द दाखवणार नव्हते. आपली लिपी नीट उमटणं ही काही वाढीव सोय नव्हे, आणि याबद्दल मला आजही राग आहे.

शेवटी वर्गातल्या एका मुलीची पाटी घेतली. तिच्यावर खडूनं ठळक ‘द्विदल’ लिहिलं, फोटो काढला आणि तो वालाच्या चित्रावर ‘स्क्रीन’ या पद्धतीनं ठेवला. या पद्धतीत काळं नाहीसं होतं आणि उजळ तेवढं उरतं. पाटी विरघळली, खडूची अक्षरं कोंबाशेजारी तरंगू लागली. जुन्या फिल्मवरही काळ्या जागी प्रकाश पडत नसे, म्हणून तिथे दुसरं चित्र घेता येई. तेच तत्त्व माझ्या हाताला लागलं होतं.

सोमवारी दारं-खिडक्या लावून चित्रपट दाखवला. मूळ खाली गेलं तेव्हा वर्ग गप्प होता. मान मातीबाहेर आली, बीजपत्रांवरची साल सुटून पडली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, त्यानं टोपी काढली!” ती मुलगी मात्र अक्षरांकडे बोट दाखवत होती. “माझ्या पाटीवरचं आहे ते.”

मग सगळ्यांना टोपी पुन्हा पाहायची होती. मी मागे नेऊन दाखवली. सात वेळा.