सरडगुहिऱ्याच्या खोक्यात खाली काय टाकायचं?

"मामा, खाली काय टाकू? रेती, कोकोपीट का आपली काळी माती?"

लातूरहून भाच्याचा फोन. शेताच्या बांधावर बाभळीखाली सरडगुहिरा (म्हणजे शॅमेलिऑन हो, काही जण घोयरा म्हणतात) दिसला म्हणे, आणि आता साहेबांना तो पाळायचाय. पकडला नव्हता अजून, हे नशीब. आधी मटेरियल सिलेक्शन! पोरगं बहुतेक इंजिनिअर होणार.

प्रश्न आला की रिक्वायरमेंटपासून सुरू करायचं, ही आमची खोड. तर हा प्राणी राहतो कुठे? फांदीवर. चिमट्यासारखे पाय, पकडायला शेपूट, सगळं डिझाईनच झाडासाठी. परदेशात येमेनी शॅमेलिऑन घरी पाळतात, त्यातले बरेच जण पिंजऱ्याचा तळ चक्क मोकळा ठेवतात, नाहीतर कागद अंथरतात. किड्यावर जीभ मारताना सुटी रेती किंवा सालपटं पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. दुसरा गट मातीचा जाड थर देतो, वर पाला, आत बारीक किडे. घाण किडेच फस्त करतात. दोन्ही चालतं. थोडक्यात, रोजच्या जगण्यात त्याला तळाशी फारसं घेणंदेणं नाही.

घेणंदेणं असतं ते मादीला. अंडी घालायला ती झाडावरून उतरते, जमिनीत बीळ खणते, अंडी घालून माती परत लोटते. म्हणजे माती खणता यायला हवी, पण बीळ ढासळायला नको. कोरडी रेती ढासळते. आणि आपली नांदेड-लातूरची काळी माती? पावसात फुगून चिखल, उन्हाळ्यात दगड, वर भेगा. खोक्यात मनाजोगती जागा मिळाली नाही तर मादीची अंडी आतच अडकतात, आणि त्यात ती मरूही शकते.

मी विचारलं, "पोट कसं होतं रे त्याचं?"

"लै फुगलं होतं मामा."

आता घाबरला की सरडगुहिरा अंग फुगवतोच, त्यामुळे खात्री नाही. पण झाडावरचा प्राणी जमिनीवर दिसला की बहुधा दोनच कारणं: एक तर दुसरं झाड गाठायचंय, नाहीतर ती मादी आहे आणि जागा शोधतेय.

शिवाय कायदा आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला सरडगुहिरा संरक्षित आहे. पकडणं, पाळणं गुन्हा. परदेशी शॅमेलिऑन बाळगायचा तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते. हे सगळं सांगितल्यावर पलीकडून एक लांब "बरं..." आलं. हिरमुसला बिचारा.

पण मंडळी, खरं सबस्ट्रेट तर बांधच आहे की! तिथे नांगर फिरत नाही, आणि अंडी फुटायला काही महिने लागतात. तेव्हा बांधावरची बाभूळ तोडू नका, तिच्याखालची जमीन उकरू नका. विषारी समजून लोक याला दगडाने ठेचतात. तो अजिबात विषारी नाही, हे घरच्या मोठ्यांनाही सांगा. जखमी दिसला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे.

खोक्याचा खर्च शून्य. मेंटेनन्सही शून्य. फक्त लांबून बघायचं.